गिळलेली हाक

आमच्या गावात कुणाच्याही उंबऱ्याशी गेलं, की आधी विडा पुढे येतो. ओल्या सुपारीची फोड, अर्धं पान, त्यावर बोटभर चुना. मग ख्यालीखुशाली आणि मग काम. भांडायला आलेल्या माणसालाही आम्ही आधी विडा देतो, तो चावून झाला की भांडतो. माणूस गेला तर म्हणतो, देवाच्या घरी विडा खायला गेला. एवढा मान असलेली ही वस्तू एकाच घरात मागून घ्यावी लागते आणि मागूनही मिळेल याची खात्री नसते. ते घर काँग थ्रिनाचं.

मोठ्या बाईला आम्ही काँग म्हणतो, मोठ्या पुरुषाला बाह. मी बाह त्रेइबोर. थ्रिनाची पोफळीची बाग आणि माझी बाग यांच्यात एक ओढा आहे. त्यामुळे या बाईचं तोंड मी चाळीस वर्षं ऐकत आलो आहे. ओढ्याचं पाणी आटतं, तिचं तोंड आटत नाही.

बाई उंच नाही. पाय मात्र असे, की गावापासून बागेपर्यंतच्या दीड हजार पायऱ्या ती कपाळपट्ट्याला भरली टोपली अडकवून एका दमात चढते. हिवाळ्यात झाडूचं गवत कापते, मग तमालपत्र उतरवते, मग सुपारी. चौकड्यांचं कापड खांद्यावर गाठ मारून घट्ट बांधलेलं, कमरेला विळा. वाटेत कुणी भेटलं तर तिला ओळख द्यायची नसते. आपणच दिली तर म्हणते, "डोळे आहेत मला."

ती अशी का झाली, हे सांगायचं तर आधी सुरांचं सांगावं लागेल.

आमच्या गावात मूल जन्मलं, की आई त्याच्यासाठी एक सूर बांधते. त्यात शब्द नसतात. घरात जवळून हाक मारायची तर सुराचा छोटा तुकडा, रानात या डोंगरावरून त्या डोंगरावर मारायची तर पूर्ण लांब सूर. तो त्या एकाच माणसाचा. दुसऱ्या कुणाला तो द्यायचा नसतो, आणि ज्याचा त्यानं स्वतः तो गायचा नसतो. आपल्याला हाक दुसऱ्यानं मारायची असते. रानात कुणाचं नाव घ्यायचं नाही, कारण रानात राहणाऱ्यांनी नाव ऐकलं तर माणूस आजारी पडतो. सुरातून त्यांना काही कळत नाही. आणि माणूस मेला की त्याचा सूर त्याच्याबरोबर जातो. मेलेल्याचा सूर पुन्हा कुणी काढत नाही. काढला तर मेलेला त्या सुराच्या वाटेनं परत येतो आणि जो ओ देईल त्याला धरतो, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. मी खरं-खोटं करत बसत नाही. चाळीस घरांत कुणी तो काढत नाही, एवढं मला पुरेसं आहे.

थ्रिनाला एक धाकटी बहीण होती, दारिहुन. आमच्यात घर धाकट्या मुलीकडे जातं, तसं ते दारिहुनकडे गेलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं कुणी करायचं यावरून दोघींचं बिनसलं. थ्रिनानं शेजारी, एकाच फळीच्या भिंतीला लागून, खोली बांधली आणि दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चुलीचा धूर फटीतून इकडून तिकडे जायचा, शब्द जायचा नाही. मग दारिहुनला मुलगा झाला, लामफ्रांग, आणि अकराव्या दिवशी ती ताप येऊन गेली. मुलाचा बाप आपल्या आईच्या घरी परतला आणि पुढं दुसऱ्या गावी संसाराला लागला. पोर आमच्या रीतीप्रमाणे आईच्या कुळाचं. म्हणजे थ्रिनाचं.

तिनं त्याला वाढवलं. प्रेमानं वाढवलं असं मी म्हणणार नाही. खायला घातलं, अंगावर घातलं, आजारपणात रात्रंदिवस बसली, आणि सगळं कपाळाला आठी घालून केलं. बायकांनी विचारलं, "काँग, पोराचा सूर काय?" ती म्हणाली, "त्याच्या आईनं बांधलाच नाही." "मग तू बांध." "मी का बांधू? माझ्या पोटचा आहे का?"

पोटचा तिचा एक होता, बानशान. लामफ्रांग जन्मला तेव्हा बारा वर्षांचा. पायात काथ्याचं कडं अडकवून एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसऱ्या पोफळीच्या शेंड्यावर झोके घेत जाणारा, खाली न उतरता अख्खी बाग उतरवणारा. अठराव्या वर्षी एका ओल्या सकाळी कडं सरकलं. लामफ्रांग तेव्हा सहा वर्षांचा होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मी माझ्या बागेत होतो आणि ओढ्यापलीकडून बानशानचा सूर ऐकू आला. पूर्ण, लांब सूर. हातातली टोपली मी खाली ठेवली. शेवटचा सूर जिथे वर जायला हवा तिथे थ्रिनाचा गळा फाटला आणि तो तसाच फाटका वर गेला. गावातही ऐकू गेला असणार. सगळे म्हणाले, आई आहे, मेलेल्याला हाक मारते, मारू दे, थांबेल. पण मी ओढ्याजवळ होतो. मी पाहिलं, की त्या हाकेला खालच्या रानातून लामफ्रांग धावत वर आला. आणि ती त्याला म्हणाली, "कुठं मेला होतास?"

ती थांबली नाही. पाच वर्षं, बागेत, आसपास कुणी नाही असं पाहून, ती त्या पोराला मेलेल्या पोराच्या सुरानं हाक मारत राहिली. गावात चारचौघांत मात्र नुसत्या नावानं. गावची पोरं त्याला बिनसुराचा म्हणून चिडवायची, आंधळी कोशिंबीर खेळताना त्याला घ्यायची नाहीत, कारण त्याला हाक मारायची कशानं? मी एकटा जाणत होतो आणि गप्प होतो. पोर गेलेल्या आईला काय बोलायचं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मी तिच्या तोंडाला भ्यायचो.

अकराव्या वर्षी तिनं त्याला शिलाँगला वसतिगृहात ठेवलं. तिथं चर्चच्या गायकांत त्याच्या हाती गिटार आली आणि ती हातातून सुटली नाही. चार जण जमवून त्यानं बँड काढला. नाव इंग्रजी होतं, त्याचा अर्थ झऱ्याखालची खोली असा काहीतरी. वर्षातून एकदा गावी यायचा, केस पाठीवर बांधलेले, बुटांना चिखल लागू नये म्हणून पायऱ्यांवर जपून पाय टाकणारा. थ्रिना म्हणायची, "घोडा झालास, अजून वाजवतोसच?" तो म्हणायचा, "मेइसान, तू अजून ओरडतेसच ना?" मेइसान म्हणजे आईची थोरली बहीण, मोठी आई. दोघं जेवायची, भांडायची, आणि तो जायचा.

त्याचं वय चोवीस झालं त्या वर्षी ही गोष्ट घडली. आमचा बाजार आठ दिवसांनी भरतो. त्या दिवशी थ्रिना गवताचा भारा उतरवून लाल चहाचा पेला घेऊन उभी होती. मी शेजारी होतो. शिलाँगहून आलेल्या जीपचा चालक, वानबोक नावाचा बोलका पोरगा, मोबाईल लावून बसला होता. आधी नुसतं पत्र्यावरच्या पाण्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. मग त्यातून गिटार वर आली आणि तिनं बानशानचा सूर काढला.

पेला थ्रिनाच्या हातात तसाच राहिला.

"बंद कर ते," ती म्हणाली.

"काँग, ऐक तरी. आपल्या लामफ्रांगचं आहे. त्यांचा पहिला अल्बम येतोय. त्यानं मित्रांना एवढा तुकडा पाठवलाय."

"बंद कर म्हटलं."

"अगं, शहरात लोक तिकीट काढून ऐकतात यांना. तुला बसल्या जागी—"

थ्रिना शांतपणे जीपच्या खिडकीशी गेली आणि हातातला चहा तिनं त्या मोबाईलवर ओतला. थेंबनथेंब ओतला, पेला उलटा करून झटकला.

"आता वाजव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. मी विडा पुढे केला, तिनं घेतला नाही. "उद्या शिलाँगला जायचंय. त्याचं घर तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाली. मी चल म्हणालो. चार तासांच्या वाटेत ती खिडकीशी बसली होती. धुकं खिडकीतून आत यायचं आणि तिच्याकडे बघून परत जायचं, असं मला वाटलं.

उतारावरचं जुनं घर, पत्र्याचं छप्पर. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या. तारांचं जंजाळ. त्यात पाच जण. लामफ्रांग उठला, त्याचा चेहरा उजळला. त्यानं खिशातून पानाची पुरचुंडी काढून पुढे केली. घरी रीत पाळणारी बाई नसताना त्यानं ती धरली होती, हे मला फार वाटलं.

"मेइसान, घे."

"घरून खाऊन आलेय," ती म्हणाली. "ते पुसून टाक."

"काय पुसू?"

"बाजारात वाजत होतं ते."

तो हसला. त्याला वाटलं गंमत आहे. म्हणाला, "आधी पूर्ण तर ऐक," आणि कानांवर लावायची झाकणं तिच्यापुढे धरली. तिनं हात लावला नाही, म्हणून ती माझ्या कानांवर आली.

मी तालासुरातला शहाणा नाही, पण कान आहेत. पहिली दोन-तीन मिनिटं काही घडतच नव्हतं. पाणी, वारा, लांबवर एखादं भांडं पडल्यासारखं. मग खालून एक आवाज फुगत आला, दरीतून ढग वर येतो तसा, कडा कुठे सुरू होते ते न कळू देता. ढोल फार उशिरा आले, चढण चढणाऱ्याच्या श्वासासारखे, कधी पाच मोजून थांबत, कधी सात. एका मुलीचा आवाज शब्दांशिवाय फिरत होता. आणि सातव्या मिनिटाला सगळं एकदम थांबलं. गिटार एकटी उरली आणि तिनं हाक मारली. शेवटचा सूर वर जाताना फाटला. अगदी तसाच. पोरानं थ्रिनाच्या गळ्यातली चीर तारेतून काढली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्या पोराचा राग आला. वाईट असतं तर बरं झालं असतं.

"हा माझा सूर आहे," तो मला सांगत होता, पण ऐकवत थ्रिनाला होता. "आईनं बांधलेला. अल्बम इथूनच सुरू होतो. बाकीची पाच गाणी यातूनच निघालीत."

"तुझ्या आईनं?" थ्रिना म्हणाली.

"मग कुणी?"

"तुझा नाही तो. पुसून टाक."

खिडकीजवळून एक मुलगी पुढे आली. तीच ती गाणारी, रिकिन्ती. डोळ्याला डोळा देणारी. "मेइ," ती म्हणाली, आईला म्हणतात तसं, "दोन वर्षं पाच जण खपलोय यात. कुणी उठून यायचं आणि पुसून टाक म्हणायचं, असं होत नाही."

"मी तुझी मेइ नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. तोंड मिट."

"तोंड मिटलं तर गाणार कोण?"

"तेच तर म्हणतेय."

कुणीतरी खुसकन हसलं. लामफ्रांग हसला नाही. त्याचा चेहरा आता थ्रिनासारखा झाला होता. एकाच कुळाचं हाड.

"माझा नाही, तर कुणाचा?" त्यानं विचारलं.

थ्रिनानं माझ्याकडे पाहिलं. मी तारांकडे पाहिलं.

"सांग ना. मी सांगतो मला काय आठवतं ते. मी खाली रानात आहे, अंधारून आलंय, आणि वरून तू या सुरानं बोलावतेस. एकदा नाही, हजारदा. गावात पोरं मला बिनसुराचा म्हणायची. मी मनात म्हणायचो, आहे मला, बागेत आहे. आता म्हणतेस माझा नाही."

"नाही."

"ठीक. येत्या बाजाराच्या दिवशी हा अल्बम सगळीकडे जाणार. एकदा गेलं की परत येत नाही. त्याच्या आत गावाच्या दरबारात उभी राहून सांग, हा सूर कुणाचा. सांगितलंस तर माझ्या हातानं पुसतो. नाही सांगितलंस तर तो माझा, आणि जगानं ऐकला तरी चालेल."

आम्ही निघालो तेव्हा त्यानं ती पुरचुंडी पुन्हा पुढे केली नाही.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात ती मला म्हणाली, "तुला ठाऊक आहे."

"काय?"

"खुळ्याचं सोंग आणू नकोस. ओढ्यापलीकडून बघायचास तू. दरबारात तूच सांग. तुला आत बसता येतं."

आमचा दरबार पुरुषांचा. बायका बाहेर उभ्या राहतात, खिडकीतून ऐकतात. मी म्हणालो, "बघू." ती म्हणाली, "बघणंच जमतं तुला."

मधले दिवस ती गावाशी वैऱ्यासारखी वागली. तिच्या पायरीवरून गेलेल्या कोंबडीला दगड, शेजारणीच्या वाळत घातलेल्या पानांना शिव्या. मला कळत होतं. जिवंत पोरावर मेल्याचा सूर घालणं हा आमच्याकडे मोठा दोष. असं करणाऱ्याचा सूर गाव टाकतं. म्हणजे त्या माणसाला रानात, घरात, दारात कुणी त्याच्या आईनं बांधलेल्या सुरानं हाक मारत नाही. नुसतं नाव घेतात, पोलीस घेतात तसं. थ्रिनाला हाक मारणारं तसंही कोण होतं? मी, आणि दोन-चार म्हाताऱ्या. पण तेवढंही जाणार होतं. तिला बानशानचा सूर राखायचा तर स्वतःचा गमवावा लागणार होता, आणि तोंड मिटून बसली तर तिच्या पोराला अनोळखी लोक कुठे कुठे हाका मारत सुटणार होते.

बाजाराच्या दिवशी सकाळी दरबार शाळेच्या अंगणात भरला. लामफ्रांग आला होता. रिकिन्तीही आली होती, गळ्यात आवाज धरायचं यंत्र अडकवून. प्रवासातला प्रत्येक आवाज ती धरत असावी. गावप्रमुख बाह फेडरिक यांनी विडे फिरवले आणि विचारलं, "पोरा, काय विचारायचंय तुला?"

लामफ्रांग उभा राहिला. गावाची रीत म्हणून त्यानं स्वतः सूर काढला नाही, आपल्या मोबाईलवर लावला. अंगणात बानशानची हाक उमटली. दोन म्हाताऱ्यांनी कान झाकले. बाह फेडरिकनी हात वर करून थांबवायला लावलं.

"हा कुणाचा?" लामफ्रांग म्हणाला. "माझा असेल तर माझा म्हणा."

सगळ्यांनी ओळखला होता. प्रश्न सुराचा नव्हताच, तो या पोराच्या कानात कसा गेला हा होता, आणि ते सांगू शकेल असा आत बसलेला एकच माणूस होता. मी विडा चावत होतो. विडा कधीच संपला होता, मी नुसता जबडा हलवत होतो.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून थ्रिना निघाली आणि सरळ अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"काँग, बाहेर," कुणीतरी म्हणालं.

"आत बसलेल्यांना वाचा असती तर बाहेरच राहिले असते," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो सूर बानशानचा. माझ्या पोराचा."

"ते आम्हाला कळलं," बाह फेडरिक म्हणाले. "याला तो आपला का वाटतो?"

"कारण मी याला त्यानं बोलवायची. पाच वर्षं. पहिल्यांदा तोंडातून निघून गेला. हा धावत आला. मग मला कुणीतरी धावत यायला हवं होतं. बस. काय करायचं ते करा."

एक म्हातारा बाजूला थुंकला. लामफ्रांग पांढरा पडला होता.

"म्हणजे मी ओ दिली ती मेलेल्याच्या हाकेला," तो म्हणाला.

"हो."

"आणि माझा? माझा नव्हताच?"

बाह फेडरिकनी पुन्हा विचारलं.

"होता," ती म्हणाली. "त्याच्या आईनं बांधला. अकरा दिवस भिंतीपलीकडून ऐकला मी. आता गावात दुसऱ्या कुणाला तो ठाऊक नाही."

"चोवीस वर्षं तुला ठाऊक होता," लामफ्रांग हळू म्हणाला. "आणि दिला नाहीस."

"नाही दिला. तिनं दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला. मरतानाही भिंतीवर टकटक केली नाही. तिची वस्तू मी कशाला वाढायची?"

"मी मागितलं होतं का भांडण?"

"तू तिचे डोळे घेऊन घरात फिरत होतास. पुरे झालं ते."

त्याहून कडू काही मी त्या अंगणात कधी ऐकलं नाही, आणि आमच्या अंगणात कडू पुष्कळ बोललं गेलंय.

दरबारानं ठरवलं. एक वर्ष थ्रिनाचा सूर कुणी काढायचा नाही. तिनं मान हलवली, जणू कुणी पावसाचं सांगितलं. मग लामफ्रांगनं मोबाईल उचलला. "पुसतो," एवढं म्हणाला आणि पायऱ्यांकडे चालू लागला. तिच्या अंगावरून गेला, थांबला नाही. रिकिन्ती त्याच्यामागे.

तो वीसेक पायऱ्या उतरला असेल. थ्रिना अंगणाच्या कडेला गेली. तिनं छाती भरून घेतली आणि एक सूर काढला, जो आमच्यापैकी कुणी कधी ऐकला नव्हता. छोटासा होता. दोन सूर वर, तिसरा अचानक खाली, खोल, आणि मग लांब सरळ, बाळ झोपल्यावर आई पाळण्याची दोरी सोडते तसा. अकरा दिवसांच्या बाळंतिणीकडे याहून जास्त श्वास नसणार. दारिहुननं बांधलेला सूर. फळीच्या भिंतीतून आलेला.

रिकिन्ती थबकली. वळून वर पाहिलं.

लामफ्रांग चालत राहिला. रागानं नाही, मी त्याची पाठ पाहत होतो. पाठीला ती हाक लागलीच नाही. कुणा दुसऱ्याला मारलेली हाक कानावरून जावी, तशी ती गेली. थ्रिनानं पुन्हा मारली. तो आणखी दहा पायऱ्या खाली गेला.

आता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. एक सूर होता, ज्याला तो वळला असता. हजारदा वळला होता. तिलाही ठाऊक होतं, आम्हालाही. तिचं तोंड उघडलं. गळ्याची शीर वर आलेली मला दिसली. मग तिनं तोंड मिटलं, आणि काहीतरी मोठं गिळावं तशी मान खाली केली. लामफ्रांग वळणावर दिसेनासा झाला.

अल्बम महिनाभर उशिरा निघाला. वानबोकनं नवा मोबाईल घेतला होता, त्यानं मला लांब नेऊन ऐकवला. तेच पाणी, तोच खालून येणारा ढग, तेच पाचांचे आणि सातांचे ढोल. सातव्या मिनिटाला सगळं थांबतं. आणि मग काहीच नाही. पत्र्यावर टपटप, कुणाचातरी श्वास, बास. चाळीस मोजेपर्यंत रिकामं. वानबोक सांगत होता, मोठमोठ्या शहरांतली जाणकार माणसं त्या रिकाम्या जागेबद्दल लिहितात, की केवढी कल्पना, केवढा धीर. लिहू देत. शिकलेली माणसं. ती जागा अठरा वर्षांच्या एका पोराची आहे, एवढं आमच्या चाळीस घरांना ठाऊक आहे आणि आम्ही कुणाला सांगायला जात नाही.

मी एकदा थ्रिनाला म्हणालो, "पोरानं शब्द पाळला." ती म्हणाली, "चोरी परत केली म्हणून हार घालू?" अकरा महिने झाले, तिला सुरानं कुणी हाक मारलेली नाही. बागेत काही हवं असलं की मी ओढ्याच्या काठापर्यंत जाऊन "थ्रिना" म्हणतो आणि ती पाठ फिरवते.

परवा गवतकापणी होती. आम्ही आमच्या उतारावर, ऊन चढलेलं, धुकं नुकतं खाली बसलेलं. समोरच्या डोंगराच्या वाटेवर दोन माणसं दिसली. एक पुढे, केस बांधलेला. दुसरी पन्नास पावलं मागे, गळ्यात काहीतरी अडकवलेली. गावाकडे येत नव्हती, वरच्या वाटेनं कुळाच्या जुन्या दगडांकडे चालली होती, जिथे दारिहुनच्या अस्थी ठेवल्यात.

मागच्या बाईनं हाक मारली. शहरी गळा, पण ताकदीचा. दोन वर, मग तिसरा. तिसरा चुकला. खाली जायला हवा होता तिथे तरंगत राहिला.

पुढचा माणूस थांबला आणि वळला.

थ्रिना विळा धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"तिसरा खाली हवा," ती म्हणाली. "यंत्रात धरला तरी कळला नाही सटवीला."

"मग सांग ओरडून."

"मी का सांगू?"

ती पुन्हा वाकली. पलीकडे ती मुलगी पुन्हा हाक मारत होती. बहुधा तिलाही कळलं होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर वेळी तो सूर थोडा थोडा खाली येत होता, आणि दर वेळी तो पोरगा वळून उभा राहत होता.

थ्रिना गवताची मूठ कापता कापता, मान वर न करता, एवढंच म्हणत होती, "अजून खाली."